आधी गाणं, मग बाहुली : १९५४ च्या ‘हॅन्सेल अँड ग्रेटेल’चा प्रकरण अभ्यास

चेटकीण आली की या चित्रपटातल्या बाहुल्या जिवंत होतात, आणि दोघं भावंडं हात जोडून प्रार्थना करू लागली की त्याच बाहुल्या पुन्हा बाहुल्या होतात. कारखाना एकच, हलवणारे हात तेच, कॅमेराही तोच. मग फरक कुठून आला? आमच्या मते तो बाहुलीत नाही, ध्वनिपट्टीत आहे. गाणं आधी मुद्रित झालं होतं. त्यातल्या काही आवाजांनी बाहुलीला करायला काम दिलं, काहींनी दिलं नाही. ज्यांना संगीतावर स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुली थोडी हलवून एकेक फ्रेम टिपण्याचं काम, करायचं आहे त्यांनी हा चित्रपट त्या नजरेनं एकदा तपासून पाहावा.

आधी माहिती. हा चित्रपट हुम्परडिंकच्या त्याच नावाच्या संगीतिकेवरचा (ऑपेरावरचा) बाहुलीपट. निर्माता मायकल मायरबर्ग हा न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचा माणूस. १९५६ मध्ये बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ अमेरिकेत पहिल्यांदा उभं केलं ते त्यानंच. दिग्दर्शक जॉन पॉल, बाहुल्यांची रूपं जेम्स समर्सची, नेपथ्य लाट्व्हियाहून आलेल्या एव्हाल्ड्स दायेव्हस्कीसचं, वाद्यवृंदावर फ्रान्झ ॲलर्स. ॲलर्स म्हणजे दोन वर्षांनी ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’चा वाद्यवृंद सांभाळणारा. इंग्रजी संहिता आयरिश कवी पॅड्रिक कोलम याची. टेक्निकलर, लांबी सुमारे ७२ मिनिटं, ऑक्टोबर १९५४ मध्ये वितरण आर.के.ओ. या अमेरिकन चित्रपट कंपनीकडून. डिस्ने नुकताच स्वतःची वितरण संस्था काढून आर.के.ओ.तून बाहेर पडला होता, तेव्हा त्यांच्याकडे मुलांच्या चित्रपटाची जागा रिकामीच होती.

अमेरिकेत बनलेल्या पूर्ण लांबीच्या पहिल्या स्टॉप-मोशन चित्रपटांत याचं नाव येतं. जगात मात्र वाट पडलेली होती. स्टारेविचचा कोल्ह्यावरचा बाहुलीपट, प्तुश्कोचा सोव्हिएत गलिव्हर आणि त्रन्काचे चेक बाहुलीपट याच्या आधीचे आहेत. पण हातात घेतलेली संगीतिका फ्रेम-फ्रेमनं हलवायची, ही अडचण त्यांच्यापैकी कुणाच्या वाट्याला आली नव्हती.

मूळ संगीतिका काय मागते

एंगेलबर्ट हुम्परडिंकची ही संगीतिका घरगुती आहे. बहीण अडेलहाइड व्हेटे हिनं आपल्या मुलांसाठी खेळ रचला, त्यातल्या चार गाण्यांना भावानं १८९० मध्ये चाली दिल्या आणि तेच बी वाढत गेलं. २३ डिसेंबर १८९३ रोजी वायमारला पहिला प्रयोग झाला, तेव्हा वाद्यवृंद चालवायला रिचर्ड स्ट्राउस होता. हुम्परडिंक बायरॉइटला वाग्नर या भव्य संगीतिकांच्या जर्मन संगीतकाराच्या हाताखाली काम केलेला. त्यामुळे चाली बालगीताच्या आणि वाद्यवृंद वाग्नरी थाटाचा, असा हा प्रकार आहे. बाहुलीवाल्याला हीच गोष्ट आधी जाचते. ओठांवर चार ओळींचं बडबडगीत असतं आणि खाली पन्नास-साठ वाद्यांची लाट चाललेली असते. प्रेक्षकाच्या कानावर भव्य काहीतरी पडतं आणि डोळ्यांपुढे लाकडी झोपडीत दोन बोटभर पोरं झाडू बांधत बसलेली असतात.

ग्रिम बंधूंच्या कथेपेक्षा संगीतिका मवाळ आहे. आईबाप मुलांना जंगलात टाकून येत नाहीत. दुधाचं मडकं फुटतं, आई संतापते आणि रानातून स्ट्रॉबेऱ्या आणायला पिटाळते. बाप झाडू विकणारा, जरा पिऊन घरी येतो. दुसऱ्या अंकात झोपेची वाळू टाकणारा छोटा माणूस, संध्याकाळची प्रार्थना आणि चौदा देवदूत. तिसऱ्यात दवपरी, खाऊचं घर, चेटकीण, भट्टी आणि शेवटी बिस्किटं झालेली मुलं पुन्हा माणसं होतात.

रंगमंचावर हे पावणेदोन तासांपर्यंत जातं. चित्रपटाला ७२ मिनिटं. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा मजकूर गेला. आईचा आवाज मिल्ड्रेड डनॉकचा. ती नाटकातली नावाजलेली अभिनेत्री, संगीतिकेतली गायिका नव्हे. या एका निवडीतूनच कापाकापीचं धोरण कळतं : घरचं भांडण बोलून उरकायचं आणि गाण्याची जागा मुलं, रान आणि चेटकीण यांच्यासाठी राखायची. आम्हाला हे शहाणपणाचं वाटतं. भांडण गाऊन दाखवायचं तर बाहुलीचं तोंड सतत चालू ठेवावं लागतं. बोलण्यात अधूनमधून पाठ फिरवता येते, मडक्याकडे कॅमेरा नेता येतो.

फुटांचा हिशोब

३५ मि.मी. फिल्मचा एक फूट म्हणजे १६ फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. ७२ मिनिटं म्हणजे ६,४८० फूट, १,०३,६८० फ्रेम. प्रत्येक ठेवण, म्हणजे बाहुलीची एक स्थिती, दोन फ्रेम टिपली, ज्याला या धंद्यात ‘टूज’वर काम करणं म्हणतात, तरी ५१,८४० ठेवणी होतात. हिशोबापुरतं धरा : एका माणसाला दिवसाला पाच सेकंद जमले, तर एकट्याला ८६४ दिवस लागतील. म्हणूनच अशा चित्रपटात एका वेळी अनेक सेट लागतात आणि प्रत्येक सेटवर वेगळा ॲनिमेटर असतो. इथंही तसंच होतं. श्रेयनामावलीत ॲनिमेटरांची रांगच आहे. त्यांतला डॉन सालिन पुढे ‘मपेट’ बाहुल्यांच्या जिम हेन्सनकडे गेला आणि ‘सेसमी स्ट्रीट’मधल्या बर्ट-एर्नीसारख्या बाहुल्या त्याच्या हातून घडल्या.

मायरबर्गनं बाहुल्यांना ‘किनेमिन्स’ असं नाव दिलं आणि जाहिरातीत त्या जणू इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर चालतात असा गाजावाजा केला. त्यातून प्रेक्षकाला वाटावं की कुणीतरी बटणं दाबतंय आणि बाहुली नाचतेय. प्रत्यक्षात हातानं हलवायची, टिपायची, पुन्हा हलवायची, हीच जुनी मेहनत होती. जाहिरातीच्या नादात खऱ्या कारागिरांचं काम झाकलं गेलं, याची आम्हाला आजही चीड येते.

आता गाण्याचा हिशोब. एका मात्रेला किती फ्रेम, हे काढायला सोपं सूत्र आहे : १,४४० भागिले मिनिटाला पडणाऱ्या मात्रा. लय १२० असेल तर मात्रा १२ फ्रेमची, ९६ ला १५, ८० ला १८, ७२ ला २०, ६० ला २४. लय ९० असली की मात्रा बरोबर १६ फ्रेमची, म्हणजे फुटाला एक मात्रा. ध्वनिपट्टी हातात धरून फूट मोजणाऱ्याला ही लय दिवाळी वाटते. पण ९६ पाहा : १५ फ्रेमच्या मात्रेत टूजवर साडेसात ठेवणी बसतात. अर्धी ठेवण काढता येत नाही, म्हणून कुठेतरी एक ठेवण ‘सिंगल’वर, म्हणजे एकाच फ्रेमपुरती, टिपावी लागते. आणि १०० ची लय तर मात्रेला १४.४ फ्रेम मागते. कुणी आळसानं १४ धरले तर वीस मात्रांनंतर चित्र आठ फ्रेम पुढे निघून गेलेलं असतं. सेकंदाचा तिसरा हिस्सा. टाळी वाजायच्या आत हात मिटून उघडलेले दिसतात.

हे झालं लोलकाच्या ठोक्यावर चालणाऱ्या गाण्याचं. संगीतिकेतला गायक तसा गात नाही. ओळ संपवताना रेंगाळतो, श्वासाला थांबतो, पुढची ओळ घाईनं धरतो. वाद्यवृंद चालवणारा त्याच्या मागे जातो, जसा नाट्यसंगीतात ऑर्गनवाला गायकाच्या मागे जातो. म्हणून सूत्रावर विसंबून चालत नाही. ध्वनिपट्टी मूव्हिओला या संकलनाच्या यंत्रावर हातानं पुढे-मागे करत प्रत्येक सम, प्रत्येक व्यंजन, प्रत्येक श्वास कुठल्या फ्रेमवर पडतो ते मेणाच्या पेन्सिलीनं खुणावायचं आणि बार-शीटवर, म्हणजे संगीताच्या मात्रांच्या तक्त्यावर, उतरवायचं. त्यावरून ॲनिमेटरसाठी एक्स्पोजर शीट : उभ्या रकान्यात फ्रेमचा आकडा, पुढे अक्षर, त्यापुढे ताल, त्यापुढे हालचाल.

पिंगुळीच्या कळसूत्री खेळात गाणारा आणि दोरी धरणारा एकमेकांकडे बघत असतात. बाहुली अडली तर गाणारा एक आवर्तन जास्त घेतो. इथे ती सोय नाही. गायिका गाऊन घरी गेलेली असते आणि तिचा एक ‘आ’ तीन सेकंद लांबला तर तो तीन सेकंदच राहतो. आपल्याकडे फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली, आगकाड्या सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ केली, तेव्हा चित्र मुकं होतं. काडी हवी तेव्हा वळायची. गाण्याचं जोखड मानेवर आलं की काडीसुद्धा मोजून वळवावी लागते.

दोन मुलं, एक गळा

हॅन्सेल आणि ग्रेटेल दोघांचा आवाज एकाच गायिकेचा आहे, कॉन्स्टन्स ब्रिगॅमचा. मूळ संगीतिकेत ग्रेटेल सोप्रानो, म्हणजे बाईचा सर्वांत उंच गळा, आणि हॅन्सेल मेझो-सोप्रानो. म्हणजे मुलाचं काम बाईच करते, पण गळा वेगळा असतो, जरा खालचा आणि भरदार. आपल्याकडे पुरुषानं शालू नेसून भामिनी-सिंधू उभ्या केल्या, त्याचीच ही उलट बाजू. युगुलगीतात एकच बाई म्हणजे तिनं एकदा एक बाजू गायची, मग कानाला लावून ऐकत दुसरी त्यावर चढवायची. स्वतःच्याच श्वासाला स्वतःचा श्वास जुळवणं सोपं जातं. गाणं घट्ट बसतं. जास्तच घट्ट बसतं!

तोटा पडद्यावर दिसतो. डोळे मिटून ऐकलं तर कोण गातंय ते सहज कळत नाही. रंगमंचावर आवाजाचा पोत आणि तो कुठल्या बाजूनं आला, या दोन खुणा मिळतात. इथे दोन्ही गेल्या. मग सगळा भार बाहुलीच्या हालचालीवर येतो. यासाठी एक साधा नियम कामाला येतो : ज्याची ओळ, त्याचं शरीर तोंडाआधी हलू द्यायचं. ओळीच्या सहा ते आठ फ्रेम आधी गाणाऱ्याची छाती वर, मान किंचित बाहेर. ऐकणारा त्या वेळात जवळजवळ स्थिर. ओळ संपली की ऐकणाऱ्यानं डोळे किंवा खांदा हलवायचा, म्हणजे पाळी त्याच्याकडे गेली. नवखा ॲनिमेटर ऐकणाऱ्या बाहुलीलाही सतत डोलवत ठेवतो, स्थिर राहिली तर मेल्यासारखी दिसेल या भीतीनं. दोघं डोलली की कोण गातंय ते पार हरवतं.

नाचाच्या गाण्यात मात्र हीच जोडी मजा आणते, कारण शब्दच हुकूम सोडतात. ग्रेटेल भावाला नाच शिकवते : पाय टप टप टप, हात टाळी टाळी टाळी, एकदा इकडे, एकदा तिकडे, गोल फिरून परत जागेवर. एक टाळी जवळून पाहू. मात्रा १२ फ्रेमची धरा. आवाज शून्य फ्रेमवर. तळवे भिडण्याची फ्रेम आवाजावर ठेवायची नाही, एक किंवा दोन फ्रेम आधी ठेवायची. डोळा कानाच्या थोडा आधी पोचला तर मेंदू ते एकच धरतो, मागून पोचला तर चूक लगेच खटकते. भिडण्याआधीच्या दोन ठेवणी सिंगलवर आणि मोठ्या अंतराच्या. भिडल्यावर दोन फ्रेम तसंच, मग तळवे अगदी थोडे उघडून सावकाश मागे. हात सारख्या अंतरानं आत आणि सारख्या अंतरानं बाहेर नेले तर टाळी वाजत नाही, पीठ मळल्यासारखी दिसते. ‘टप’ला तर पाय जमिनीला टेकल्यावर गुडघा एका ठेवणीपुरता वाकवावा लागतो, नाहीतर वजन येत नाही.

पाय जमिनीवर कसा धरायचा, ही वेगळी डोकेदुखी. दोन रस्ते आहेत. पहिला स्क्रूचा : तळव्यात आटे पाडलेलं भोक, सेटच्या फळीला आरपार भोक, खालून स्क्रू पिळून पाय आवळायचा. पक्कं बसतं, पण नाचाची प्रत्येक पावली आधी आखून भोकं पाडावी लागतात आणि पाय उचलला की उघडं पडलेलं भोक त्याच फ्रेमला मेणानं किंवा रंगवलेल्या मातीनं बुजवावं लागतं. दुसरा चुंबकाचा : जमीन पातळ पोलादी पत्र्याची, खाली किंवा पायात चुंबक. पावली मोकळी, बुजवाबुजव नाही. पण एका पायावर झुकलेली जड बाहुली चुंबक नेहमी पेलत नाही. रात्रीतून दोन मि.मी. सरकते, सकाळी पहिल्या ठेवणीला उडी दिसते. विद्युतचुंबक असेल तर तापतो, आणि वीज गेली की बाहुली आडवी. शॉट पहिल्यापासून.

१९५४ मध्ये मॉनिटरवर मागची फ्रेम पाहायची सोय नव्हती. बाहुलीच्या नाकाशी, कोपराशी, गुडघ्याशी टोकदार सुया असलेले उभे मापक ठेवायचे, हलवल्यावर अंतर सुईवरून वाचायचं, मग मापक चौकटीबाहेर काढून टिपायचं. एखादा मापक चौकटीत राहिला तर? फिल्म धुऊन आल्यावर कळायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी. तोवर पुढचे पाच सेकंद टिपून झालेले.

चेटकीण का जमली

चेटकिणीचा आवाज ॲना रसेलचा. ही बाई संगीतिकेची टर उडवणारी गायिका म्हणून प्रसिद्ध होती. वाग्नरच्या चार रात्रींच्या ‘रिंग’चं तिनं केलेलं विनोदी विश्लेषण अजून ऐकलं जातं. चित्रपटात चेटकिणीचं नाव रोझिना रुबीलिप्स. मूळ जर्मनमध्ये ती रोझिने लेकरमाउल, म्हणजे गोडखाऊ तोंडाची.

रसेल सलग, घोटीव गात नाही. किंचाळते, खाकरते, सुरातून बोलण्यात आणि बोलण्यातून हसण्यात घसरते. शब्दाच्या पहिल्या व्यंजनावर दात रोवते. बार-शीटवर उतरवलं तर तिच्या चार ओळींत खुणावण्याजोग्या पंधरा-वीस जागा मिळतात. प्रत्येक जागा म्हणजे ॲनिमेटरच्या हातात एक खुंटी : इथे भुवई, इथे बोट, इथे मान झटकून मागे. ‘ब’, ‘म’, ‘प’ला ओठ मिटलेले किमान दोन फ्रेम दिसले की मध्ये तोंड थोडं चुकलं तरी प्रेक्षक मानून घेतो. तिचा चेहराही व्यंगचित्री आहे, नाक, हनुवटी, ओठ सगळं वाढवून काढलेलं. दोन मि.मी.ची हालचाल मागच्या रांगेतून दिसते. मुलांचे गाल गोल, ओठ बारीक. तीच दोन मि.मी.ची हालचाल तिथे गालातच विरते.

तिचं हसणं हा या प्रकरणातला उत्तम धडा आहे. हसण्याचा एक झटका साधारण चार ते सहा फ्रेमचा असतो. प्रत्येक झटक्याला खांदे वर-खाली करणं हा पहिला मोह. त्यानं बाहुली शिलाई मशीनसारखी दिसते. त्याऐवजी पहिल्या झटक्याला खांदे पूर्ण वर, पुढच्या तिघांना थोडं-थोडं खाली, तोवर मान हळूहळू वळत राहते आणि शेवटच्या झटक्याला पुन्हा मोठी उसळी. कानाला पाच झटके ऐकू येतात, डोळ्याला एकच उतरती लाट दिसते.

झाडूवरची स्वारी तारेवर होते, बाहुलीपटाची हीच रीत. तार केसासारखी बारीक आणि पार्श्वभूमीच्या रंगाची, तीही बिनचमक रंगानं रंगवलेली. दिवा वरून पडला की तार चमकते, म्हणून दिवा बाजूनं द्यायचा. तारेवरची बाहुली हात लावला की झुलते. प्रत्येक ठेवणीनंतर ती थांबेपर्यंत वाट पाहायची आणि तोवर श्वाससुद्धा तिकडे सोडायचा नाही.

प्रार्थना का अडली

संध्याकाळची प्रार्थना हा संगीतिकेचा गाभा. पूर्वसंगीतात हॉर्न हीच धून घेऊन सुरू होतात. संथ लय, लांब स्वर, दोन गळे तिसऱ्या-सहाव्या अंतरानं एकत्र. कानाला स्वर्ग. आता शीट पाहा. लय ६० धरली आणि स्वर तीन मात्रांचा, तर ७२ फ्रेम एकच स्वरवर्ण. टूजवर ३६ ठेवणी, तोंड उघडं, हात जोडलेले, गुडघे टेकलेले. ‘आ’कारात ठेहराव घेणाऱ्या गवयाचं चित्र काढायला सांगितलं तर चित्रकार गवयाच्या हाताकडे जाईल. इथे हातही बांधलेले.

जिवंत माणूस स्थिर बसला तरी श्वास चालू असतो. बाहुलीला ३६ ठेवणी तशीच ठेवली तर ती स्थिरचित्र होते. म्हणून छाती दर ठेवणीला पाव-अर्धा मि.मी. फुलवायची. पण हात लागला की कपडा हलतो. सुती झब्ब्याच्या घड्या दर फ्रेमला वेगळ्या पडतात आणि पडद्यावर कापड उकळत असल्यासारखं वळवळतं. मोठ्या हालचालीत हे दिसत नाही. संथ हालचालीत त्याच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. उपाय आहेत : कापडाच्या आत पातळ तार किंवा शिशाची पट्टी शिवणं, घड्यांना डिंकाचा हात देणं, पाठीतून बाहेर काढलेल्या दांडीनं छाती फुलवणं म्हणजे पुढून हात लावायला नको. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय कॅमेऱ्याचा : चेहऱ्यावरून हळूच वर झाडांकडे, आभाळाकडे जायचं आणि गाणं मागे ठेवायचं.

चौदा देवदूतांचा हिशोब याहून भयंकर आहे. एक मिनिटाचा शॉट टूजवर ७२० ठेवणींचा. चौदा आकृत्या प्रत्येक वेळी हलवायच्या तर १०,०८० हात. एकाला विसरलात तर तो चौदांत एकटा दचकून थांबलेला दिसतो. म्हणून देवदूत गटानं हलवणं, एका फळीवर तिघांना बसवून फळीच सरकवणं, मागच्यांना धुक्याच्या जाळीआड ठेवणं, असल्या युक्त्या कराव्या लागतात. इथे शब्द नाहीत, नुसता वाद्यवृंद आहे, हे एक सुख. तोंडं हलवायची नाहीत.

झोपेची वाळू टाकणाऱ्याचं काम मुळात सोप्रानोचं, चित्रपटात ते पुरुषाचा आवाज घेतो, डेल्बर्ट अँडरसन. दोन बायकी गळ्यांनंतर खालचा आवाज आला की कान ताजा होतो. चांगला निर्णय. दवपरी हेलन बोटराइट, देवदूतांसाठी अपोलो बॉईज क्वायर, बाप फ्रँक रोजिएर.

वाळू, दव, धूर, दूध : या गोष्टींना फ्रेम-फ्रेम कळत नाही. पडणारी वाळू थांबत नाही. म्हणून काळ्या मखमलीपुढे खरी वाळू टाकून वेगळी टिपायची आणि दुहेरी एक्स्पोजरनं चढवायची. नाहीतर कॅमेऱ्यापुढच्या काचेवर कण चिकटवून दर फ्रेमला खाली सरकवायचे. दवाचा थेंब पाण्याचा ठेवला तर दिव्यांच्या उष्णतेनं शॉट संपायच्या आत वाळतो, ग्लिसरीनचा टिकतो. दुधाचं मडकं फोडायचं तर ते आधीच फोडून मेणानं जुळवायचं आणि आदळण्याच्या फ्रेमपासून तीन-चार फ्रेम सिंगलवर तुकडे हातानं पसरायचे.

उजेड

बाहुलीपटात झाड दोन फुटांचं असतं आणि रान खोल दिसायला हवं. त्यासाठी लेन्सचं छिद्र बारीक करावं लागतं, एफ-११, एफ-१६. उजेड कमी पडतो, पण बाहुली हलत नसल्यानं अर्धा सेकंद एक्स्पोजर देता येतं. अडचण वेगळीच येते. एक सेकंदाचं चित्र टिपायला तास-दोन तास लागतात आणि तेवढ्या वेळात विजेचा दाब वर-खाली होतो. तापणाऱ्या तारेच्या दिव्याचा उजेड दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. दाब दोन टक्के वाढला की उजेड सुमारे सात टक्के. पडद्यावर रान धडधडायला लागतं. दाब स्थिर ठेवणारं यंत्र लावणं, त्याच लाइनवर करवत किंवा लिफ्ट चालू न देणं आणि कोरा दिवा आधी काही तास जाळून मग वापरणं, एवढं तरी करायला हवं.

रंगीत बाहुलीपटांसाठी त्या काळी आणखी एक पद्धत होती : एकच कृष्णधवल फिल्म, आणि प्रत्येक ठेवण लाल, हिरव्या, निळ्या काचेतून तीनदा टिपायची, मग छापताना तिन्ही रंग एकावर एक. हलत्या माणसावर हे शक्य नाही. बाहुलीवर शक्य, पण तीन टिपणांच्या मध्ये कुणी टेबलाला धक्का दिला तर त्या फ्रेमच्या कडेला रंगीत झालर येते.

दायेव्हस्कीसच्या रानाला रंगमंचाचा वास आहे, आणि तसाच असायला हवा. खऱ्यासारखं रान केलं असतं तर त्यात गाणारी पोरं खोटी वाटली असती.

बिस्किटांची मुलं

शेवटचा प्रसंग पाहताना वाटतं, हुम्परडिंक आणि त्याच्या बहिणीनं हा भाग स्टॉप-मोशनसाठीच लिहिला की काय. संहितेत भट्टी फुटते आणि कुंपणाची बिस्किटं मुलं होतात, पण एकदम नाही. आधी ती डोळे मिटून, जागचं न हलता, हळू आवाजात गातात. ग्रेटेल एकाला हात लावते, त्याचे डोळे उघडतात, अंग अजून ताठ. मग हॅन्सेल चेटकिणीचाच मंत्र म्हणतो आणि अंग सुटतं.

प्रार्थनेत जे अडलं होतं ते इथे आपोआप सुटतं. बाहुली स्थिर आहे कारण गोष्टीतच ती स्थिर आहे. मुलांची रांग असली तरी पहिल्या ओळींना फक्त ओठ लागतात. नंतर पापण्या : सहा फ्रेममध्ये तीन ठेवणी, मिटलेली, अर्धी, उघडी, आणि त्या वेळात मानेला, खांद्याला, कपड्याला कुणी बोट लावायचं नाही.